१७ नंबरचा फॉर्म भरला की झालं का?

भाऊ, कारागृहातल्या वर्गांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'एसीत बसून कैद्यांचे लाड करणारे' असं लिहिण्याआधी निदान लेख तरी पुरता वाचायचा. माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली आणि निवृत्तीनंतर मी कारागृहातच शिकवतो आहे. मतभेद असू द्या, पण ही बोलायची रीत नव्हे. भिंतीवर सुविचार रंगवून फोटो काढण्यात पैसा जातो, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य.

तुम्ही विचारता, 'शिकायचंच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून द्या, वेगळी शाळा कशाला?'

हा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. तो भरायचा कशाच्या जोरावर? दहावीला बाहेरून बसायचं तर किमान पाचवी पास लागते आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात आत आलेल्या पोराचा दाखला चिखलदऱ्याकडच्या एखाद्या आश्रमशाळेत पडून असतो. घरचे भेटीलाच येत नाहीत, तर दाखला कोण आणणार? मग कारागृह अधीक्षकांच्या सहीनं मुख्याध्यापकांना पत्र, शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, दाखल्याची दुसरी प्रत, प्रतिज्ञापत्र. त्यात दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, वॉरंटवर तिसरंच. हे जुळवता जुळवता मुदत निघून जाते.

समजा, भरला. देशातल्या कारागृहांत चारांतले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. आज वर्गात, उद्या कोर्टात पेशीला, परवा जामिनावर. म्हणून एका बैठकीत संपेल एवढाच पाठ घ्यायचा, तोही सुट्या कागदांवर. कागद दोऱ्यानं शिवायचे, स्पायरलची तार आत चालत नाही. अशा पोरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट बरी पडते. ५ वर्षांत ९ संधी, एकेक-दोनदोन विषय काढता येतात आणि सुटला तरी नोंदणी बुडत नाही.

आणि भूमिती! गणित भाग २ मधल्या रचनांना कंपास लागतो आणि त्याला टोक असतं. मोजून द्यायचे, तास संपायच्या दहा मिनिटं आधी मोजून परत घ्यायचे. एक कमी भरला की सगळ्यांची झडती, आणि पुढे कित्येक दिवस भूमिती बंद. बराकीत सराव होत नाही, म्हणून प्रत्येक रचना वर्गातच हातात बसेपर्यंत काढून घ्यावी लागते.

त्याआधी वाचनाचं काय? कागदावर आठवी, पण जोडाक्षर आलं की गाडी अडते. म्हणून इयत्ता विचारायचीच नाही, एक उतारा वाचायला द्यायचा आणि त्यावरून गट पाडायचे. कोरकू ही आदिवासी भाषा बोलणाऱ्याला तर मराठी पार वेगळ्या कुळातली भाषा. आधी त्याला बोलतं करायचं, पाटी नंतर. सुरुवात स्वतःच्या नावापासून, मग साधा अर्ज, मग वॉरंटवरचं कलम आणि तारीख. दहावीचं पुस्तक त्याच्या कितीतरी नंतर येतं, भाऊ. तुमच्या एका ओळीत यातलं काय बसतं?

तुमच्या 'पैसा कुणाचा', 'गावच्या शाळेला मास्तर नाही' वगैरेंवर मी इथं बोलणार नाही. त्या सुरात विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं.

तुम्ही गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहात, असं लिहिलंय. मग एक करा. दाखल्यासाठी कारागृहाचं पत्र शाळेत आलं तर ते फायलीखाली दबू देऊ नका, आठ दिवसांत उतारा पाठवायला लावा. मुदत गेली तर पोराचं वर्ष जातं.