पेपरात गुंडाळून द्या

बाकीची गिऱ्हाईकं जाईपर्यंत जो माणूस काउंटरशी व्हिक्सची डबी हातात फिरवत उभा राहतो, त्याला काय हवंय ते मला विचारावं लागत नाही. २२ वर्षं मेडिकल चालवतोय. लिंगाला ताठरपणा आणणाऱ्या गोळीचं नाव कुणी तोंडाने घेत नाही. जुन्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "पेपरात गुंडाळून द्या."

मी चिठ्ठी मागतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे का, तेही विचारतो; ती आणि ही एकत्र पोटात गेली तर बीपी कोसळून माणूस हातचा जाऊ शकतो. एवढ्यावर निम्मे रागावतात आणि स्टँडच्या भिंतीवर 'निराश होऊ नका' रंगवलेल्या वैद्याकडे जातात. तिथे चिठ्ठी लागत नाही.

आमचे एक काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. (त्यांना विचारूनच लिहितोय. "नाव सोडून सगळं लिही," म्हणाले.) शुगर १७ वर्षं जुनी. आधी अर्धी गोळी, मग अख्खी, मग डॉक्टरांनी वाढवून दिलेला डोस, मग काहीच नाही. गेल्या वर्षी एकदा दुकानात आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "शेठ, पुण्यात रॉड टाकून आलो." मी आधी पायाकडे बघितलं. हसले. "तिथला नाही हो."

गोळीने भागत नाही त्याच्या लिंगात रॉड, म्हणजे इम्प्लांट, बसवतात; असं ऑपरेशन असतं हे मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी ते सांगितलं नव्हतं. ही पोस्ट त्यासाठी.

गोळी फक्त मदतनीस आहे. मेंदूतून निघालेला निरोप मज्जातंतूंमार्फत खाली पोचला, तर रक्त भरायला ती हात लावते. जुन्या शुगरने तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की निरोपच पोचत नाही. मग डोस कितीही वाढवा. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पुष्कळांचं हेच होतं. आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. यातले किती जण माझ्यासारख्यांच्या काउंटरवरून नुसते परत जात असतील, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि हे काही कालपरवाचं फॅड नाही. हवा भरल्यासारखं फुगणारं पहिलं इम्प्लांट अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली बसवलं. व्हायग्रा ही गोळी आली १९९८ला. म्हणजे इम्प्लांट गोळीपेक्षा २५ वर्षांनी मोठं! गोळीचा एवढा गाजावाजा झाला की थोरला भाऊ घरात आहे हेच लोक विसरले.

आजचं तीन भागांचं इम्प्लांट असं असतं: लिंगात दोन नळकांडी, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप, ओटीपोटात मिठाच्या पाण्याची पिशवी. पंप दाबला की पाणी नळकांड्यांत येतं, बटण दाबलं की परत जातं. बाहेरून काही दिसत नाही. सुरुवातीच्या मॉडेलांत नळी मुडपायची, गळायची. पोटावर दाब आला की आपोआप फुगायचं, त्यावर लॉक होणारा व्हॉल्व्ह आला. सगळ्यात मोठी भीती मात्र इन्फेक्शनची. इम्प्लांटच्या सिलिकॉनवर जंतूंचा थर बसला की औषध आत शिरत नाही, बहुतेक वेळा सगळं काढावंच लागतं. २००१च्या सुमारास एका कंपनीने इम्प्लांटवरच मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिसिन या जंतू मारणाऱ्या औषधांचा लेप द्यायला सुरुवात केली. रिफाम्पिसिन म्हणजे आपली टीबीची, लघवी केशरी करणारी. ती गोळी हजारदा हातून गेली असेल, पण तिचा हा उपयोग मला काकांच्या निमित्ताने वाचताना कळला. आता पहिल्या ऑपरेशनात इन्फेक्शन साधारण शंभरात एक ते तीन जणांना होतं. शुगर हाताबाहेर असेल तर जास्त. काकांनाही आधी तीन महिने शुगर खाली आणायला लावली होती.

परदेशी, पंपवाल्या इम्प्लांटचा खर्च काही लाखांत जातो. काकांचं साधं, वाकवायचं. मुंबईच्या डॉ. रूपिन शाह यांनी आपल्याकडच्या खिशाचा विचार करून तसं एक देशी इम्प्लांट तयार केलंय, ते. कायम ताठ, हाताने खाली वाकवून ठेवायचं. "धोतरात कळत नाही, पँटीत जरा सांभाळावं लागतं," इति काका. मेडिक्लेमने मात्र हात वर केले. गुडघा बदलला तर पैसे देतात, हे म्हणे चैनीत मोडतं!

आता कान उघडे ठेवून वाचा. हे एकदा बसवलं की परतीची वाट नाही, मूळचा ताठरपणा कायमचा जातो. लांबी वाढत नाही. इच्छा वाढत नाही. स्पर्श कळतो, सुख कळतं, वीर्य येत असेल तर येत राहतं. टेन्शनमुळे अडचण आलेल्या पंचविशीतल्या पोराने याच्या वाटेला जाऊ नये. आणि कुणीही असो, आधी हृदय तपासून घ्या. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्या आधी तुंबतात. पेपरात गुंडाळून गोळी नेणारा ही धोक्याची घंटा ऐकतच नाही.

काकू नंतर एकदा बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा बोलल्या. "चार वर्षं हे माळ्यावर झोपले. म्हणायचे, खाली उकडतं. पत्र्याखाली, मे महिन्यात! मला वाटलं, माझा कंटाळा आला." ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की हा आजार आहे. मला या सगळ्यात राग येतो तो इथे. 'नपुंसक' हा एक शब्द आपण शिवीसारखा वापरला आणि एका बाईने चार वर्षं आरशात स्वतःचं काय चुकलं ते शोधलं.

कमेंटमध्ये लाज वाटत असेल तर इनबॉक्स करा. कुठल्या प्रकारच्या डॉक्टरकडे जायचं ते सांगेन. (युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा आणि पुरुषांच्या अवयवांचा डॉक्टर, आणि ज्याने ही ऑपरेशनं भरपूर केलीत असा.) गोळीचं नाव मात्र विचारू नका, चिठ्ठीशिवाय देणार नाही.