मदत दिली तर मुली बिघडतील?

"अशा मुलींना सगळं आयतं हातात दिलं, तर बाकीच्यांना धाक काय राहणार?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता बोलणाऱ्याचं तोंड उघडायच्या आधीच कळतं. शिक्षकांकडून ऐकलं, डॉक्टरांकडून ऐकलं. एकदा तर एका आईकडून, तिची पंधरा वर्षांची लेक शेजारीच बसलेली असताना. अलीकडे पुन्हा ऐकलं ते एका बैठकीत. विषय होता वीस वर्षांच्या आत आई झालेल्या मुलींसाठी मदत केंद्र असावं की नसावं. मी किशोरवयीनांसोबत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे माझं मत 'असावं' असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मत तेच आहे. कारणं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण बैठकीत दोन मिनिटांत ती मांडता आली नाहीत.

आधी त्या धाकाबद्दल. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या सत्तावन्न शाळांमध्ये यावर एक मोठा अभ्यास झाला. तेरा ते पंधरा वर्षांच्या २८०० हून जास्त मुली त्यात होत्या. त्यातल्या काही शाळांतल्या मुलींना शनिवार-रविवार सांभाळायला एक इलेक्ट्रॉनिक बाहुली दिली जायची. ती रडते, तिला दूध पाजावं लागतं, ढेकर काढावी लागते, लंगोट बदलावा लागतो, आणि तुम्ही किती हयगय केली याची नोंद ती स्वतः ठेवते. दोन रात्री झोपमोड झाली की मुली आपोआप शहाण्या होतील, असा हिशेब. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी ८ टक्के आई झाल्या, न सांभाळलेल्यांपैकी ४ टक्के. गर्भपातांचं प्रमाणही बाहुलीवाल्या गटातच जास्त होतं.

असं का झालं, यावर तर्कच करता येतात. माझा तर्क असा, की ज्या मुलीकडे घरी कोणी वळून बघत नाही, तिला ते बाहुलीचं बाळ कडेवर घेतल्यावर पहिल्यांदा सगळ्यांनी हसून विचारलं असेल. हा पुरावा म्हणून सांगत नाही. पण माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी मुलींनी "निदान हे तरी माझं असेल" असं म्हटलंय. तिथे धाक कसा पोचणार?

आता उलट बाजूचं उदाहरण. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी किशोरवयीन गर्भधारणेचं प्रमाण पश्चिम युरोपातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी होतं. १९९९ मध्ये सरकारने अठरा वर्षांखालच्या मुलींमधलं हे प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं. प्रत्येक भागासाठी एक समन्वयक नेमला, शाळेत शरीर आणि नातेसंबंध यांचं शिक्षण दिलं, तरुणांना न घाबरता जाता येईल अशी गर्भनिरोधक सेवा उभी केली. उद्दिष्ट दहा वर्षांत गाठलं गेलं नाही, आणखी तीन-चार वर्षं लागली. पण २०१४ पर्यंत प्रमाण निम्म्यावर आलं. मुली जास्त वर्षं शिकू लागल्या, जमानाही बदलला, त्यामुळे सगळं श्रेय त्या योजनेला देणार नाही.

पण बैठकीत कोणालाच माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. त्याच योजनेचा दुसरा अर्धा भाग आधीच आई झालेल्या मुलींसाठी होता. त्यांनी पुन्हा शिकावं म्हणून बाळाच्या पाळणाघराचा खर्च, राहायला सुरक्षित जागा, सोबतीला एक माणूस. म्हणजे मदतही वाढली आणि गर्भधारणाही कमी झाल्या, एकाच देशात, एकाच काळात. 'मदतीने मुली सोकावतात' म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगावं.

आणि 'आई झालेली मुलगी' आणि 'जिला गर्भधारणेपासून वाचवायचं ती मुलगी' या दोन वेगळ्या मुली आहेत असं आपण का धरतो? सतराव्या वर्षी बाळंत झालेली मुलगी अठराव्या वर्षी पुन्हा गरोदर राहू शकते. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान चोवीस महिन्यांचं अंतर असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो तिला कोण सांगतं? घरी सोडताना बाळाच्या लसीचं कार्ड हातात देतात. तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण 'आता कशाला लागतंय तिला ते!'

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सोळा वर्षांच्या एका मुलीला घेऊन मी तपासणीला गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता खणखणीत आवाजात विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मागे रांग होती. मुलगी म्हणाली, पाणी पिऊन येते. ती पुन्हा दिसली ती थेट सातव्या महिन्यात. तोवर रक्त तपासलेलं नाही, रक्तदाब मोजलेला नाही. एवढ्या लहान वयात बाळंतपणात झटके येण्याचा, जंतुसंसर्गाचा, बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका विशीतल्या बाईपेक्षा जास्त असतो. त्यातला काही वयाचा असतो हे खरं. पण काही त्या खिडकीचा असतो, आणि तो फॉर्ममध्ये कुठेच नोंदला जात नाही.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर तो रकाना छापलेला होता.

म्हणून चांगलं केंद्र म्हणजे काय विचाराल, तर इमारतीआधी मी वेळ विचारेन. शाळा सुटल्यावर उघडं असतं का? पहिली दहा मिनिटं मुलीशी एकटीशी बोलतात का? काय गुप्त राहील आणि काय सांगावंच लागेल, हे सुरुवातीलाच खरं खरं सांगतात का? हे शेवटचं फार महत्त्वाचं. मुलगी तेरा वर्षांची आणि 'तो' सव्वीसचा असेल, तर त्याला प्रेमप्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

परदेशातलं काहीही उचलून आणा, असंही मी म्हणत नाही. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिकेने घरी जायचं, ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरात डेव्हिड ओल्ड्स यांनी अजमावली आणि तिथे तिचे चांगले परिणाम दिसले. तीच इंग्लंडने घेतली. २०१५ च्या मोठ्या चाचणीत बाळाचं वजन, आईचं धूम्रपान, लवकर होणारी दुसरी गर्भधारणा, यांपैकी कशातच फरक दिसला नाही. तिथे नेहमीच्या सेवाच मुळात बऱ्या होत्या, हे त्याचं एक कारण मानतात. जिथे काहीच नाही तिथे चित्र वेगळं असू शकतं. मोजून बघावं लागेल.

शाळेचं मात्र फार मोजायची गरज मला वाटत नाही. जमैकात १९७८ पासून गरोदर मुलींना शिकवून पुन्हा नेहमीच्या शाळेत पाठवणारं केंद्र चालू आहे. याउलट सिएरा लिओनने २०२० पर्यंत आणि टांझानियाने २०२१ पर्यंत अशा मुलींना शाळेची दारं बंदच ठेवली होती. दोन्ही देशांनी शेवटी बंदी उठवली.

अरे हो, मुलगे! एवढं लिहून झालं आणि मीही त्यांना विसरलेच. सतरा वर्षांचा बाप केंद्राच्या बाहेर गाडीवर बसून राहतो, कारण आत त्याला कोणी खुर्ची देत नाही. मग सहा महिन्यांनी आपण म्हणतो, 'पळून गेला.' काही पळतातच. पण ज्याला बाळाला धरायचं कसं हेही कोणी दाखवलं नाही, त्याच्याबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही.

ता. क. त्या खिडकीवरचा फॉर्म बदलला. आता तिथे 'सोबत कोण आलं आहे?' असा रकाना आहे. त्यासाठी तीन वर्षं आणि चार अर्ज लागले. छपाईचा खर्च तेवढाच आला.