डोक्यातला गजकर्ण: बिब्बा नको, गोळ्या मधेच थांबवू नका

मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाबद्दल फिरणारा मेसेज थोडक्यात असा आहे: मुलांच्या डोक्यात गोल चट्टे पडून केस गेले की डॉक्टर बुरशीच्या गोळ्या देतात, या गोळ्यांनी लिव्हर निकामी होतं, परदेशात त्यांच्यावर बंदी आहे. बुरशी तर वरवरची, मग औषध पोटातून कशाला? मुलाचं टक्कल करा, कच्चा लसूण वाटून चोळा, वर बिब्ब्याचं तेल लावून रात्रभर ठेवा. दूध-तूप बंद करा. गोळीनं अंगावर पुरळ उठलं तर ते विष आहे, लगेच थांबवा. सात दिवसांत केस येतील. पुढे पाठवा.

हा मेसेज नात्यातल्या एका आईपर्यंत पोचला आणि तिनं तिसऱ्या आठवड्यात मुलाच्या गोळ्या बंद केल्या. म्हणून एकेक मुद्दा घ्यावा लागतोय.

आधी बिब्बा. बाकीच्या सल्ल्यांनी वेळ वाया जाईल, पण याने मुलाचे केस कायमचे जाऊ शकतात. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरायचे, कारण ते धुतलं तरी निघत नाही. कातडीवरही ते तसंच चिकटून बसतं. त्यातल्या द्रव्यांनी एक-दोन दिवसांत लाली येते, मग फोड, मग पाणी सुटतं. तेल कपाळावरून ओघळलं तर पापण्या सुजून डोळे मिटतात. आयुर्वेदाचं नाव घेऊन हे पसरवणाऱ्यांनी आयुर्वेद तरी नीट वाचावा: तिथेही भल्लातक, म्हणजे बिब्बा, विटेच्या चुऱ्यात घोळवून शोधन (शुद्धीकरण) केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि तो वैद्यानं द्यायचा असतो. इथे घरच्या घरी कच्चं तेल, तेही वस्तऱ्यानं खरचटलेल्या डोक्यावर, खाली वाटलेला लसूण. नुसता कच्चा लसूण रात्रभर बांधून ठेवला तरी कातडी भाजते. भाजलेली जागा व्रण धरून भरली की केसांची मुळं मरतात. त्या जागी पुन्हा केस येत नाहीत, आणि मग गोळ्याही काही करू शकत नाहीत.

मेसेजसोबतचा फोटोही नीट पाहा. त्यातला चट्टा गुळगुळीत आहे, ना कोंडा, ना तुटके केस. ती चाई आहे. चाई बुरशीनं होत नाही आणि पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरून येते. ‘बिब्ब्यानं केस आले’ असं शपथेवर सांगणाऱ्यांना चाईच झालेली असू शकते. गजकर्णाचा चट्टा वेगळा: खवले, खाज, मुळाशी तुटलेले केस किंवा त्यांचे काळे ठिपके, मानेमागे सुजलेल्या गाठी. शंका असेल तर तुटका केस चिमट्यानं उपटून आणि थोडे खवले खरवडून तपासणीला द्यायचे. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

‘वरवरची बुरशी’ हा दावा तिथेच संपतो. आपल्याकडे वारंवार सापडणारी ट्रायकोफायटन व्हायोलेसियम ही बुरशी केसाच्या आत शिरते. काचेवर केसाची नळी बीजाणूंनी ठासून भरलेली दिसते. केस आतून पोकळ होऊन त्वचेच्या पातळीवर तुटतो, पण बुरशी खाली मुळाकडे उतरलेलीच असते. मलम तिथपर्यंत पोचत नाही. टक्कल केल्यानं फक्त वरचा केस जातो, आणि वस्तरा किंवा मशीन नीट स्वच्छ केलं नाही तर पुढच्या गिऱ्हाइकाला लागण होते. गोळीतलं औषध रक्तातून केसाच्या मुळाशी जातं. ग्रिसिओफल्विन हे बुरशीचं जुनं औषध तर नव्यानं तयार होणाऱ्या केसातच साठतं, म्हणून नवा भाग बुरशीला दाद देत नाही. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो. जुना, बाधलेला भाग बाहेर ढकलला जायला सहा ते आठ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात खाज थांबलेली असते, बुरशी नाही.

मलमानं काम झालं असतं तर जुन्या काळच्या डॉक्टरांनी ते सोडून मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण टाकले नसते. पोटातून द्यायचं औषध नव्हतं तेव्हा सगळे केस पाडण्यासाठी तेच करत. १९५० च्या दशकात इस्राएलमध्ये हजारो मुलांवर हा उपचार झाला. पुढे त्यांच्यात मेंदूच्या गाठी आणि थायरॉइडचे कॅन्सर जास्त आढळले, आणि १९९४ साली भरपाईचा कायदा करावा लागला. ग्रिसिओफल्विन पोटातून देऊन गजकर्ण बरा होतो हे १९५८ मध्ये गिनीपिगांवर दिसलं, त्यानंतर ते क्ष-किरण इतिहासजमा झाले. मेसेज ज्याला विष म्हणतो ते हेच औषध.

आता लिव्हर. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं. केटोकोनाझोल या बुरशीच्याच दुसऱ्या औषधाच्या गोळीनं यकृताला गंभीर इजा होऊ शकते. २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं ती गोळी थांबवण्याची शिफारस केली आणि अमेरिकेनंही तिच्यावर कडक मर्यादा घातल्या. पण मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला मुख्यतः ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन देतात. टर्बिनाफिननं यकृताला उघड इजा होण्याचं प्रमाण ५०,००० ते १,२०,००० प्रिस्क्रिप्शनमागे एक असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या नोंदीत दिलं आहे. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१६ च्या आढाव्यात २५ अभ्यास आणि ४,४४९ रुग्ण तपासले गेले, आणि दोन्ही औषधांचे दुष्परिणाम बहुतेक सौम्य व तात्पुरते निघाले. त्याच आढाव्यानुसार मांजरीपासून येणाऱ्या मायक्रोस्पोरम या बुरशीला ग्रिसिओफल्विन सरस ठरतं, तर ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स या बुरशीला टर्बिनाफिन. मुलाला आधीच यकृताचा आजार असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं, ते रक्त तपासून घेतील. कोर्स चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, सतत उलट्या झाल्या, भूक मेली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

डोस वजनावर ठरतो आणि डॉक्टरच ठरवतात. पण हिशेब माहीत असला की चिठ्ठी वाचता येते. टर्बिनाफिन २० किलोच्या आत ६२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या गोळीचा चौथा भाग, २० ते ४० किलोला अर्धी, त्यापुढे पूर्ण. दिवसातून एकदा, साधारण चार आठवडे. ग्रिसिओफल्विन किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम रोज, कधी त्याहून थोडं जास्त, आणि वर सांगितलेले सहा ते आठ आठवडे.

दूध-तूप बंद करणं तर सरळ उलटा सल्ला आहे. ग्रिसिओफल्विन स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं शोषलं जातं, उपाशीपोटी कमी. गोळी तूप लावलेल्या पोळीनंतर किंवा सायीच्या दुधाबरोबर द्या. पथ्य पाळून गोळी द्यायची आणि मग गुण येत नाही म्हणायचं, हे या मेसेजमुळेच घडतं.

पुरळाचं बघा. औषध सुरू झाल्यावर कानामागे, मानेवर, पाठीवर बारीक खाजरे पुरळ उठू शकतात. बऱ्याचदा ती बुरशीविरुद्धची शरीराची प्रतिक्रिया असते आणि तिच्यासाठी गोळी बंद करायची नसते. डॉक्टरांना फोटो दाखवा. मात्र गांधी उठल्या, ओठ सुजले, तोंडात फोड आले, ताप येऊन कातडी सोलायला लागली, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. गोळी थांबवून तातडीनं दवाखान्यात न्या.

डोक्यात मऊ, पू भरलेला फुगवटा आला तर त्याला गळू समजून चिरा देऊ नका. तोही बहुधा बुरशीचाच असतो. नुसत्या अँटिबायोटिकनं तो बरा होत नाही, आणि उशीर झाला तर तिथं कायमचं टक्कल पडतं.

शाम्पूचा उपयोग आहे, पण जोडीला. केटोकोनाझोल २ टक्के, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं फेस ठेवून धुवायचा. घरातल्या सगळ्यांनी वापरला तर उत्तम. केटोकोनाझोलच्या गोळीची भीती खरी असली तरी शाम्पूतलं केटोकोनाझोल रक्तात जवळजवळ जातच नाही. कंगवे, टोप्या, टॉवेल वेगळे ठेवा, भावंडांची डोकी तपासून घ्या. उपचार सुरू झाले की शाळा बुडवायची गरज नाही.

ज्यांनी मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या, त्यांनी आज डॉक्टरांना फोन करून किती दिवस खंड पडला ते सांगावं. चुकलेले डोस एकदम देऊ नयेत. कोर्स संपला की खवले पुन्हा तपासून घ्यायचे, आणि त्यात बुरशी दिसली तर गोळ्या आणखी काही आठवडे चालू ठेवायच्या.