एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून? अजिबात नाही

'२१ दिवसांत आयुष्य बदला' हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज काही केल्या थांबत नाही. या वेळी तो माझ्या मावशीकडे पोचला. रात्री जेवणानंतर चालायला तिने सुरुवात केली होती आणि ते छान जमतही होतं. मग एका लग्नासाठी गावी जावं लागलं, चालणं बुडालं, आणि मेसेजमधल्या नियमाप्रमाणे 'सगळं फुकट गेलं' असं ठरवून तिने ते सोडूनच दिलं. म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं असं: कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, सवय लागलीच. एक दिवस जरी चुकला, तरी मोजणी पुन्हा एकपासून. २१ दिवसांनी जुनी सवय मेंदूतून पुसली जाते. आणि रोज १ टक्का सुधारलात, तर वर्षभरात ३७ पट पुढे जाल.

२१ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला 'किमान साधारण २१ दिवस' लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'किमान' गळलं, 'साधारण' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, पहाटे उठणं असं सगळं येऊन बसलं. आपल्याकडे २१ दुर्वा, २१ मोदक असल्यामुळे हा आकडा ओळखीचा वाटतो, तेवढा तो चटकन पटतोही.

सवय लागायला किती दिवस लागतात याची प्रत्यक्ष मोजणी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. २०१० साली ती युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीत छापून आली. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक छोटी गोष्ट निवडली, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंतचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस. कुणाला १८, तर कुणाला २५४. यातला २५४ हा आकडा १२ आठवड्यांच्या नोंदी पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, हेही सांगायला हवं. त्यामुळे उद्या कुणी '६६ दिवसांत आयुष्य बदला' पाठवलं, तर तेही खरं मानू नका. पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा.

याच अभ्यासात मावशीचं उत्तर आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सवय म्हणजे ठरलेला प्रसंग आणि कृती यांची गाठ. प्रत्येक वेळी कृती केली की ती थोडी घट्ट होते. एखाद्या वेळी न केल्याने आधीची गाठ सुटत नाही. मोजणी शून्यावर आणण्याला कसलाच आधार नाही, आणि या एका वाक्यामुळे नीट चाललेली माणसं थांबतात. मला या मेसेजचा राग येतो तो यासाठी.

लग्नघरी मावशीचा निश्चय ढळला नव्हता. तिथे पंगती उशिरा उठतात, स्वतःचं ताट उचलायचं नसतं, ओळखीचा रस्ता नसतो. म्हणजे चालण्याची आठवण करून देणारा प्रसंगच घडला नाही. घरी परतल्यावर पहिल्याच रात्री तो पुन्हा हजर असतो; त्याच रात्री निघायचं. त्यातही घड्याळाची वेळ धरू नये. 'साडेनऊला चालायचं' ठरवलं आणि जेवणच दहाला झालं, की बेत मोडतो. 'ताट सिंकमध्ये ठेवलं की चपला' हे टिकतं. सुरुवात १० मिनिटांची. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये किंवा गॅलरीत, पाहुणे असतील तर तीनच मिनिटं, पण त्याच क्षणी. कॅलेंडरवर खुणा करायच्याच असतील, तर सलग किती हे बघू नका. महिन्यात एकूण किती झाल्या ते मोजा. खुणा फारच विरळ दिसल्या, तर स्वतःला बोल लावण्याआधी निवडलेला प्रसंग रोज घडतो का, ते तपासा.

जुनी सवय पुसली जाते, हेही खोटं. ती तशीच राहते आणि जुनी परिस्थिती आली की डोकं वर काढते. म्हणून परिस्थितीच बदलावी लागते. चहातली साखर कमी करायची असेल, तर ती पातेल्यात घालणं बंद करा, कारण तिथे आपल्या वाटची किती ते कळतच नाही. कपात घ्या. कपामागे अर्धा चमचा कमी, त्यावर दोन आठवडे थांबा, मग पुढचा अर्धा. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर येऊन स्थिरावायला दीड महिना लागतो. तेवढ्यात जीभ रुळते. एकदम बंद केली की चहा बेचव लागतो आणि माणूस बिस्किटांकडे वळतो.

एवढं मात्र मान्य करायला हवं: पाऊल छोटं असावं हे मेसेजमध्ये बरोबर आहे, आणि गाठ सर्वांत वेगाने घट्ट होते ती सुरुवातीच्याच दिवसांत. पहिले तीन आठवडे मोलाचे आहेत. पण तिथे काम संपत नाही.

राहिला १ टक्का. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, गणित चोख आहे. पण माणूस चक्रवाढ व्याजाने वाढत नाही. आज २० मिनिटं चालणारा त्या हिशेबाने वर्षाअखेर रोज साडेबारा तास चालायला हवा. आठवड्याला दोन मिनिटं वाढवा, अर्ध्या तासापाशी थांबा.