गिटारचा हम आणि अर्थिंगवरचा आळ

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. तो थोडक्यात असा: ॲम्प्लिफायरमधून (ॲम्पमधून) हम, म्हणजे सततची खोल गुणगुण, येत असेल, तर दोष अर्थिंगचाच, तारांना हात लावताच हम कमी होतो, हा त्याचा पुरावा, उपाय म्हणून गिटारच्या आतल्या पोकळीत तांब्याची फॉइल चिकटवावी, तेवढ्याने भागले नाही तर प्लगची अर्थची पिन सोडवावी, आणि शेवटी पॉवर कंडिशनर (वीजपुरवठ्यातला गोंगाट गाळणारे उपकरण) विकत घ्यावा. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कुणाला तरी लागू पडलेला दिसतो, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण हम कुठून येतो हे न पाहता तो सरसकट अमलात आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो.

ज्याला पुरावा म्हटले जाते, ती गोष्ट आधी पाहू. भिंतीतल्या आणि आसपासच्या वायरिंगचे विद्युत क्षेत्र वादकाच्या शरीरावर उतरते, आणि गिटारला बिलगलेले ते शरीर हा गोंगाट पिकअपपर्यंत (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागापर्यंत) पोहोचवते. गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा टेकतात त्या धातूच्या भागातून) एका वायरने जॅकच्या (केबल खोचायच्या जागेच्या) ग्राउंडला आणि तिथून केबलच्या जाळीमार्फत ॲम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. तारांना हात लागला की शरीरही ग्राउंडला जोडले जाते आणि गोंगाट पोहोचवण्याऐवजी तो अडवू लागते. म्हणजे हात लावल्यावर हम कमी होणे हे ग्राउंडची वायर शाबूत असल्याचे लक्षण आहे. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी आहेत. तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल, पण जॅकच्या धातूला बोट लावताच आवाज बसत असेल, तर ब्रिजकडे जाणारी वायर तुटलेली असण्याचा संभव मोठा (बॅटरीवर चालणाऱ्या काही ॲक्टिव्ह पिकअपच्या गिटारमध्ये ही वायर मुद्दामच नसते, हे ध्यानात ठेवावे). ट्रेमोलो (सूर हेलकावण्यासाठी हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारमध्ये ही वायर मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगच्या पट्टीला डागलेली असते. ती जाड पट्टी सोल्डरिंग आयर्नची उष्णता शोषून घेते, त्यामुळे तिथला डाग वरून ठीक दिसत असला तरी आतून कच्चा राहू शकतो. उलट, तारांना हात लावल्यावर हम वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे. आणि बोटांना झिणझिण्या येत असतील, तर तपासणी बाजूला ठेवून प्लग काढावा.

फॉइलबद्दलचा गैरसमज अधिक चिवट आहे, कारण फॉइलने खरोखरच काही आवाज जातो. फॉइल नीट ग्राउंडला जोडली तर ती विद्युत क्षेत्र अडवते, त्यामुळे दिव्यांच्या डिमरमुळे येणारी चरचर बरीच कमी होते. एकाच कॉइलच्या, म्हणजे सिंगल कॉइल, पिकअपची खोल गुणगुण मात्र चुंबकीय क्षेत्रातून येते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले हजारो वेढे. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे बदलते चुंबकीय क्षेत्र त्यांत थेट व्होल्टेज निर्माण करते. 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला पुरेसे क्षीण करायला तांब्याचा थर मिलिमीटरांत मोजण्याइतका जाड लागतो; फॉइल मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ असते. हे पारखणे सोपे आहे: गिटार गळ्यात ठेवून जागच्या जागी सावकाश गोल फिरावे. दिशेनुसार हम वाढत आणि कमी होत असेल, तर तो चुंबकीय आहे आणि फॉइलचा त्याला उपयोग नाही. ॲम्पपासून दोन पावले दूर सरकणे त्यापेक्षा अधिक गुणकारी ठरते, कारण अंतर वाढताच हे क्षेत्र झपाट्याने मंदावते. मुळातला इलाज सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत असताना केला. त्यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हमबकर या पिकअपमध्ये दोन कॉइलींचे वेढे आणि चुंबकांचे ध्रुव एकमेकींच्या उलट असतात, त्यामुळे तारेचा सूर बेरजेत येतो आणि हम वजाबाकीत जातो. फॉइल लावायचीच असेल, तर जॅकच्या टोकाच्या संपर्काला ती टेकणार नाही याची खात्री करावी; टेकली तर हमबरोबर गिटारही मुकी होते.

आता दोष नेहमी अर्थिंगचाच, या विधानाकडे येऊ. ॲम्पच्या इनपुटमधून केबल पूर्ण काढावी. बहुतेक ॲम्पमध्ये जॅक रिकामा झाला की इनपुट आपोआप ग्राउंडला जोडला जातो, म्हणून तरीही हम राहिला तर तो ॲम्पच्याच आतला आहे. (केबल ॲम्पमध्ये ठेवून दुसरे टोक लोंबकळत सोडले तर मोठा हम येणारच, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.) ॲम्पमधल्या, एसीचे डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारा तरंग पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेचा असतो. पुरवठा 50 हर्ट्झचा असेल, तर जुन्या ॲम्पचे हा तरंग गाळणारे फिल्टर कपॅसिटर सुकल्यावर येणारा हम सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या सुराहून किंचित चढा, म्हणजे 100 हर्ट्झचा लागतो. हे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात, त्यामुळे ते काम जाणकार तंत्रज्ञाचेच.

अर्थिंगमुळे हम येतो तो ग्राउंड लूपमधून, म्हणजे अर्थच्या वायरींच्या बंद वर्तुळातून. असा लूप व्हायला दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेली आणि शिवाय केबलने एकमेकांना जोडलेली असावी लागतात. दोन ॲम्प एकत्र वाजवताना, किंवा ॲम्प आणि संगणक जोडताना हे घडते. एक गिटार, एक केबल आणि एक ॲम्प एवढाच संसार असेल, तर असा लूप होण्याचा प्रश्नच येत नाही.

लूप असला तरी अर्थची पिन सोडवणे हा उपाय नव्हे. माझ्या मते या सल्ल्यातला हा एकच भाग निव्वळ चुकीचा नसून घातक आहे. पिन काढल्यावर हम जातो हे खरे, कारण लूप तुटतो; पण त्याबरोबर संरक्षणही जाते. ॲम्पच्या आत फेजची वायर चासीला टेकली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. अर्थ नसताना चासी, केबलची जाळी आणि गिटारच्या तारा अशा सगळ्यांत वीज खेळते, आणि वादकाचे ओठ किंवा दुसरा हात ग्राउंड असलेल्या मायक्रोफोनला लागला की प्रवाह शरीरातून जातो. 1972 मध्ये स्वानसी येथे गिटारवादक लेस हार्वे यांचा रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. तिथे मायक्रोफोनच अर्थ केलेला नव्हता. लूप तोडायचा असेल तर तो सिग्नलच्या वाटेवर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वायरींचा थेट संपर्क न ठेवता सिग्नल पुढे नेणारा) लावून तोडावा. त्याआधी दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहावीत, अनेकदा तेवढे पुरते.

पॉवर कंडिशनर उच्च वारंवारतेचा गोंगाट आणि व्होल्टेजचे झटके अडवतो. हमची मूळ वारंवारता ही मात्र वीजपुरवठ्याचीच असते. ती गाळून टाकली तर ॲम्पला वीजच मिळणार नाही. पेडलच्या (पायाने चालवायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्यांच्या) साखळीत डिजिटल पेडल जोडल्यावर येणारी बारीक शिट्टीही कंडिशनरने सहसा हटत नाही, कारण ती सगळ्या पेडलना एकाच अडॅप्टरवर टांगल्यामुळे येते. तिथे प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट देणारा पॉवर सप्लाय लागतो.