आषाढ सेल, इरकल आणि आहेराच्या साड्या

आषाढ लागला की आमच्या बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारात सेलचे फलक लागतात. मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत, मग पडून राहिलेला माल बाहेर निघतो. आणि आपण "अर्ध्यात मिळालं बघ" म्हणत पिशव्या भरतो. अर्ध्यात म्हणजे कशाच्या अर्ध्यात? खोडलेला आकडासुद्धा दुकानदारानेच लिहिलेला असतो की!

माझं मत असं की कपडा पैशाला योग्य आहे का, हे तो उलटा केल्यावर कळतं. पॅन्ट घेताना मागची मधली शिलाई बघा. आत दोन्ही बाजूंना बोटभर माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जास्तीचं कापड, सोडलेली असेल तर उद्या पोट सुटलं तरी शिंपी उसवून वाढवून देतो. सेलच्या बऱ्याच पॅन्टींत कापड ओव्हरलॉकला, म्हणजे कडेच्या साखळी शिलाईला, लागून कापलेलं असतं, तिथे शिंपीही हात टेकतो. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेघा खालच्या रेघांशी जुळतात का तेवढं बघावं. ज्याने तिथे कापड वाचवलं, त्याने आतही वाचवलेलंच असणार.

आमची आत्या तर साडीच्या काठाला सुटलेला धागा मागून घेते आणि घरी चुलीजवळ नेऊन जाळते. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुकानदाराला हे आवडत नाही. न आवडू दे.

"एका वापराला किती पडलं" हा हिशेब रोजच्या कपड्यांना चोख लागू पडतो. 1,500 रुपयांचा शर्ट 100 वेळा घातला तर वापराला 15 रुपये, 400 चा दहा धुण्यांत विटला तर 40. पण इरकल साडीला हा हिशेब लावलात तर कुणीच इरकल घेणार नाही. ती वर्षातून दोनदा नेसायची. तिथे प्रश्न वेगळा, आपल्यानंतर ती कोण नेसणार? हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्हींचे धागे फासात फास अडकवून जोडतात. पदर जिथे सुरू होतो तिथे साडी उलटून बोट फिरवा, तो जोड हाताला लागतो. सलग विणलेल्या नकलेत तो नसतो. जोड असेल तर जास्त पैसे मोजायला मी तयार आहे, नसेल तर हातमागाचा भाव का द्यावा? इरकलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते दुकानातली प्रत्येक साडी तपासायला येत नाही.

करही जाता जाता बघून ठेवा. सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याला 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के जीएसटी, त्यावर गेलात की थेट 18. मीटरवर घेतलेल्या कापडाला हा वरचा टप्पा नाही. म्हणून भारी पॅन्टशर्ट असेल तर कापड घेऊन शिवून घेणंच मला परवडतं. शिवाय माया किती ठेवायची तेही आपणच सांगतो.

खरा पैसा मात्र वाया जातो तो आहेरात. लग्नाच्या बस्त्याला "देण्याघेण्याच्या" म्हणून गठ्ठ्याने साड्या घेतात. घेणारी नेसणार नाही हे देणाऱ्यालाही माहीत असतं. मग ती साडी या घरच्या कपाटातून त्या घरच्या कपाटात, शहापूरहून खानापूरला, खानापूरहून निपाणीला, घडी न मोडता हिंडत राहते. कौदी, म्हणजे गोधडी, शिवायलाही ती कामाची नाही, कारण सिंथेटिक अंगाला टोचतं आणि सुईखाली सरकतं. त्यापेक्षा मोजक्या जवळच्या बायकांना एकेक चांगलं खण द्या, त्याची चोळी तरी शिवून होते. बाकीच्यांना पाकीट द्या. पुढच्या वैशाखात आमच्या घरी लग्न आहे, आणि बस्त्याच्या यादीतून "देण्याघेण्याच्या" ही ओळ मी आत्ताच काढून टाकली आहे. आत्या चिडली आहे, बोलणी चालू आहेत.