दुकानात नेला की शहाणा

घरचा कॉम्प्युटर मधूनच मान टाकायला लागला की घरातल्या प्रत्येकाला वैद्यकी येते. ‘व्हायरस असेल.’ ‘जुना झालाय.’ ‘सरळ फॉरमॅट मार.’ फॉरमॅट सुचवणाऱ्याचं त्या डिस्कवर स्वतःचं काहीही नसतं, एवढं ध्यानात ठेवावं.

मग कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून दुकानात न्यायचं. तिथं ते दिवसभर गुणी बाळासारखं चालतं. ‘काहीच प्रॉब्लेम नाहीये’ असं सांगून दुकानदार चेकिंगचे पैसे घेतो. घरी आणावं, तर रात्री जेवायच्या वेळेला पुन्हा फट्.

अशा वेळी मी दुकानदाराच्या बाजूचा. त्याला तिथं खरंच काही दिसत नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांनी सैल रॅम (मेमरीची पट्टी) नीट बसलेली असते. वर दुकानातली पॉवर केबल, दुकानातलं अर्थिंग आणि उघडं झाकण. पेशंट नेला, आजार मात्र घरी टेबलाखाली ठेवून आलो: आपला एक्स्टेन्शन बोर्ड आणि आपला म्हातारा यूपीएस.

म्हणून आधी कॉम्प्युटरला घरीच नीट पडू द्यावं. विंडोज पडल्यावर लगेच स्वतःच रीस्टार्ट होतं आणि निळ्या पडद्यावरचं वाचायला दोन सेकंदही मिळत नाहीत. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून रन उघडायचं, त्यात ‘sysdm.cpl’ टाकायचं, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जायचं आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढायची. (२०१२ च्या विंडोज ८ पासून त्या पडद्यावर रडका चेहरा असायचा. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ मधला पडदा काळा केला आणि चेहरा काढून टाकला. रडून झालं, आता सुतक.) त्यावरचा कोड लिहून घ्यावा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ दिसलं तर आधी रॅमकडे बघायचं. ‘डब्ल्यू-एच-ई-ए’नं सुरू होणारा कोड आला, तर हार्डवेअरच कुरकुरतंय.

पडदा न दाखवताच दिवा गेल्यासारखा बंद पडत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडावी. तिथं ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद हमखास सापडते आणि लोक तिच्यावर तासन्‌तास शोध घेत बसतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. चोरी झाल्यावर ‘तुमच्याकडे चोरी झाली बरं का’ असं सांगायला येणारा शेजारी तो हाच. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्यावरचा तोच कोड) शून्य असेल, तर मात्र संशयाची सुई विजेकडे वळवावी.

वीज म्हटल्यावर सगळे एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, धरतात. त्याच्या आधीची साखळी कुणी बघत नाही. एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एका आवर्तनाचीही उधारी नाही. त्याच बोर्डावर मिक्सर लावलेला असेल आणि सॉकेट ढिलं असेल, तर चटणी आणि क्रॅश यांचा संबंध अगदी शास्त्रीय आहे. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. हिरवा दिवा तरीही लागतोच. कॉम्प्युटरऐवजी ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून यूपीएसचा प्लग काढून बघा. बल्ब लगेच विझला तर चौकशी संपली.

कॅबिनेटला पाठीमागे हात लागताच झिणझिण्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा राग नव्हे. अर्थिंग तुटलेलं असलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर मेनच्या निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. यात स्वतः हात घालू नये, वायरमन बोलवावा. एसएमपीएसचीही परीक्षा घ्यायचीच, तर त्याच्या मोकळ्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटर लावायचा. गेम चालू असताना ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहिला तर पास. मशीन निवांत असताना सगळेच पास होतात.

रॅमचं पुराण मोठं आहे. प्लग काढून, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पट्टी काढायची आणि सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं. कण ब्रशनं झाडायचे, नाहीतर तेच स्लॉटमध्ये जाऊन बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर अधिक चांगलं, पण खोडरबर प्रत्येक दप्तरात असतं. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६च्या रात्रभर चार फेऱ्या. एकसुद्धा चूक निघाली तर ‘एकच तर आहे’ म्हणू नये. एक्सएमपी (रॅमला नेहमीपेक्षा जास्त वेगानं पळवणारं सेटिंग) बंद करून आणि मग एकेक पट्टी लावून पुन्हा चालवावं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट, ड्रायव्हर एकाच रविवारी बदललात तर गुण कशाचा आला हे देवालाही सांगता येणार नाही. नवस मात्र सगळेच फेडावे लागतील.

डिस्कचं थोडक्यात: डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘सी७’चा, म्हणजे वायरीतून माहिती येता-जाता झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर नवी डिस्क घ्यायला धावू नका, आधी सॅटाची, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी, वायर बदला.

राहता राहिलं झाकण. ते काढलं की कॉम्प्युटर चालतो आणि लावलं की आत तापून पडतो, म्हणून कित्येक घरांत कॅबिनेट वर्षानुवर्षं उघडंच असतं, वर टेबलफॅन रोखलेला. धूळ ब्लोअरनं काढताना पंख्याचं पातं बोटानं धरावं. प्रोसेसरवरची पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, पोळीवर तूप लावल्यासारखी नव्हे. पंख्यांची दिशा बघायला उदबत्ती लावावी. पुढच्या जाळीपाशी धूर आत ओढला गेला पाहिजे, मागून बाहेर पडला पाहिजे. पुढचा पंखाही बाहेरच फेकत असेल तर तो उलटा बसवलाय: ज्या बाजूला चौकटीच्या काड्या आणि स्टिकर, तिकडून हवा बाहेर पडते.

उदबत्ती बघून घरातलं कुणीतरी हळदकुंकू घेऊन येईल. येऊ द्यावं. फक्त खंडेनवमीला झेंडूचा हार मॉनिटरला घालावा. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर घातला तर हवा अडते आणि पाकळ्या एकेक करून आत जातात.